लांबीला पुरतं, रुंदीला अडतं: रुंद डायनिंग टेबलच्या टेबलक्लॉथचं समस्या निवारण

"लांबीला बरोबर बसतंय हो, पण दोन्ही बाजूंनी लाकूड उघडं राहतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी टेबलक्लॉथचं नाव काढलं की मी आधी टेबलची रुंदी विचारते. मी घरच्या घरी पडदे, कव्हरं, टेबलक्लॉथ शिवून देते आणि फिरून फिरून येणारी तक्रार हीच, की टेबल नेहमीपेक्षा रुंद आहे, पन्नास इंचाच्या पुढे, आणि कुठलंही तयार कापड त्याच्यावर धड बसत नाही. माझ्या स्वतःच्या घरातलं टेबल ६० इंच रुंद आणि ८४ इंच लांब आहे, त्यामुळे यातली जवळपास प्रत्येक चूक मी आधी स्वतःच्या टेबलवर करून बघितली आहे आणि खाली जे लिहितेय ते त्यातूनच आलंय.

मुळात अडतं कुठे ते बघा. साधारण डायनिंग टेबल ३६ ते ४२ इंच रुंद असतं आणि तयार टेबलक्लॉथ त्याच हिशोबाने निघतात, ५२, ५४, ६० आणि जरा शोधलं तर ७० इंच रुंद. पाकिटावर "सहा जणांसाठी", "आठ जणांसाठी" लिहिलेलं असतं ते फक्त लांबीबद्दल असतं, माणसं वाढली की कापड लांब होतं, रुंद होत नाही. म्हणून रुंद टेबलवाला माणूस मोठं मोठं कापड घेत जातो आणि दरवेळी तेच होतं, पायाकडे कापड जमिनीला टेकायला आलेलं आणि बाजूला तीन बोटं पण खाली नाही.

आधी लक्षणं ओळखा

लांब बाजूंना लाकडाची कड दिसते पण टोकांना कापड मांडीवर येतं, हे सगळ्यात कॉमन. दुसरं, आणलं तेव्हा पुरत होतं आणि पहिल्या दुसऱ्या धुण्यानंतर अचानक आखूड झालं. तिसरं, एका बाजूला आठ इंच लोंबतंय आणि दुसऱ्या बाजूला दोन, सकाळी सारखं केलं की संध्याकाळपर्यंत परत तसंच. चौथं, दोन्ही टोकांना बरोबर पण मधोमध टेबलचं पोट बाहेर (अंडाकृती किंवा मधे फुगीर टेबलांना हे हमखास). पाचवं, कोपरे इतके खाली येतात की खुर्ची सरकवताना पायाखाली सापडतात. आणि सहावं, मापाने सगळं बरोबर असूनसुद्धा कापड तिरकं वाटतं, एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे सुरकुत्या जातात.

तुमचं लक्षण यातलं नक्की कुठलं ते ठरवा, कारण तिसऱ्या लक्षणावर लोक नवीन कापड आणतात आणि खरं तर तिथे कापड आखूड नसतंच.

तपासणी एक: माप परत घ्या, यात काहीच खर्च नाही

हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. शिवणकामाची मऊ टेप जुनी झाली की ताणली जाते. मी एकदा माझी जुनी टेप सुताराच्या स्टीलच्या टेपशेजारी सरळ ठेवली तर ६० इंचामागे पाऊण इंचाचा फरक निघाला, म्हणजे टेबल ६० इंच असून ती मला सव्वाएकोणसाठ दाखवत होती आणि मी वर्षभर त्या टेपने कापडं कापत होते. तेव्हापासून टेबलचं माप स्टीलच्या टेपनेच.

रुंदी तीन ठिकाणी घ्या, दोन्ही टोकांना आणि मधोमध, आणि तिन्हीतली सगळ्यात मोठी धरा. आयताकृती दिसणाऱ्या टेबलची कड सुद्धा कधीकधी मधे हलकी बाहेर आलेली असते, डोळ्याला कळत नाही पण दोन इंच निघतात. टेबल ओढून मोठं होणारं असेल तर फळी घालून आणि न घालता अशी दोन्ही मापं लिहून ठेवा. फळीने लांबीच वाढते, रुंदी तीच राहते, त्यामुळे रुंदीचा प्रश्न एकदा सोडवला की तो दोन्ही वेळेला सुटतो.

मग जे कापड आखूड पडतंय ते जमिनीवर पसरून मोजा, लेबलवरचा आकडा धरू नका. सेंटिमीटर आणि इंचाचा घोळ पण इथेच सापडतो. १३७ सेंटिमीटर म्हणजे ५४ इंच, १५२ म्हणजे ६०, १७८ म्हणजे ७०, २२९ म्हणजे ९०. एवढे चार आकडे लिहून ठेवा, पुढे सगळीकडे कामाला येतात.

तपासणी दोन: नक्की किती लोंबायला हवंय

कडेवरून खाली लोंबणाऱ्या कापडाला ड्रॉप म्हणतात. लोकांच्या डोक्यात फोटोतल्यासारखा लांब ड्रॉप असतो आणि मग रुंदीचा आकडा उगाच वाढतो. टेबलची उंची साधारण २९-३० इंच आणि खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच, म्हणजे मधे राहिली जेमतेम ११-१२ इंच जागा आणि त्यात माणसाच्या मांड्या पण यायच्यात. रोजच्या वापराला ६ ते ८ इंच ड्रॉप पुष्कळ झाला, दहाच्या पुढे गेलं की कापड मांडीवर येतं, उठताना बटणात अडकतं आणि टेबलवरच्या वस्तूंसकट ओढलं जातं. घरात रांगणारं मूल असेल तर मी सहाच्या पुढे जाऊच देत नाही.

आता हिशोब करून बघा. टेबल ५६ इंच रुंद आहे, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच धरले तर ६८ लागतात, म्हणजे ७० इंचाचं तयार कापड आरामात चालतं. तुम्ही डोक्यात ८० धरून शोधत होता म्हणून सापडत नव्हतं. माझ्या ६० च्या टेबलला मात्र ७० घेतलं तर बाजूला पाचच इंच राहतात आणि धुतल्यावर ते पण राहत नाहीत, त्यामुळे तिथे पुढच्या तपासण्या आल्याच.

तपासणी तीन: आखूड आहे की सरकतंय

टेबलच्या बरोबर मध्याला खालून खडूची खूण करा, कापडाच्या मध्याला घडी घालून टाचणी लावा आणि दोन्ही जुळवून पसरा. दोन्ही बाजूंचा ड्रॉप सारखा आणि पुरेसा दिसला तर कापड आखूड नाही, ते सरकतंय. रुंद टेबलवर हे जास्त होतं कारण मधली वस्तू घ्यायला माणूस पुढे वाकतो, हात लांब करतो, आणि दरवेळी पोटाने आणि मनगटाने कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं. पॉलिश केलेलं लाकूड आणि पॉलिस्टरचं कापड ही जोडी तर सरकायलाच बनलेली असते.

उपाय सोपा आहे. खाली फेल्टचं किंवा जाड फ्लॅनेलचं अस्तर घाला, टेबलच्या कडेपेक्षा चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच आत राहील एवढं. अस्तर जोडून केलं तरी चालतं, दोन तुकडे नुसते शेजारी शेजारी ठेवा, एकावर एक चढवू नका नाहीतर वरून उंचवटा दिसतो. क्लिपा पण मिळतात, पण त्या घ्यायच्या आधी टेबलच्या कडेची जाडी मोजा, रुंद टेबलांचं लाकूड बहुतेक जाड असतं आणि साध्या क्लिपा तेवढ्या उघडत नाहीत. माझ्या मते आधी अस्तर, मग गरज पडली तर क्लिपा.

तपासणी चार: धुण्यात आटलंय का

सुती कापड पहिल्या काही धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकतं, लिननचंही तसंच. ७० इंचाला ४ टक्के म्हणजे पावणेतीन इंच गेले, एकेका बाजूने जवळजवळ दीड. लांबीला एवढं गेलं तर कोणाच्या लक्षात पण येत नाही, पण रुंदीला आधीच काठावर पास असलेलं कापड इथे नापास होतं.

असं झालं असेल तर कापड पूर्ण ओलं करा, पिळू नका, ओलसर असतानाच दोघांनी समोरासमोर धरून रुंदीच्या दिशेने हळूहळू ओढा आणि वाफेची इस्त्री मारून सपाट वाळवा. गेलेल्यातलं थोडं परत येतं. पुढच्या धुण्याला परत आटेल हे धरून चाला, त्यामुळे हा कायमचा इलाज नाही.

त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे कडेची दुमड उलटी करून बघणं. बऱ्याच सुती टेबलक्लॉथना इंचभर रुंद दुमड असते, काहींना दोन इंचापर्यंत. ती उसवली, आतून दुसऱ्या पातळ कापडाची पट्टी लावून कड बंद केली की एकेका बाजूला पाऊण ते एक इंच सहज सुटतो. आधी एका कोपऱ्यात दोन इंच उसवून बघा, कारण जुन्या कापडावर घडीची रेघ आणि आतला गडद रंग बाहेर दिसतो आणि मग ते आखूड बरं होतं असं वाटायला लागतं. नवीन कापड असेल तर बिनधास्त उसवा.

तपासणी पाच: न शिवता, दोन कापडं आडवी टाकून

हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे आणि कोणाला सुचत नाही याचं मला खरंच नवल वाटतं. कापडाची लांबी टेबलच्या लांबीलाच लावायची असा काही नियम नाही. ६० बाय ९० ची दोन सारखी कापडं घ्या आणि ती टेबलवर आडवी टाका, म्हणजे कापडाची ९० इंचाची बाजू टेबलच्या रुंदीवर आली. ६० इंचाच्या टेबलला दोन्ही बाजूंनी १५-१५ इंच मिळाले, जे खरं तर जास्तच आहेत, आत दुमडून आठावर आणा. आता लांबीचं बघू, टेबल समजा ९६ इंच लांब आहे, दोन कापडांचे ६०-६० मिळून १२० झाले, मधे आठ इंच एकमेकांवर चढवले की ११२ राहिले, म्हणजे दोन्ही टोकांना आठ-आठ इंच. बरोबर बसलं. माझ्यासारख्या ८४ च्या टेबलला तर मधे वीस इंच चढवायला मिळतात.

चढवलेल्या भागावर एक अरुंद पट्टी आडवी टाका, सांधा झाकला जातो. तोटा एकच, ती दोन कापडं एकाच वेळी धुवावी लागतात नाहीतर रंग वेगळे पडतात. पण शिवणयंत्र नसलेल्या घरात मी आधी हेच करायला सांगते, आणि कित्येक जण नंतर शिवायचा विचारच सोडून देतात.

तपासणी सहा: दुसऱ्याच कामासाठी बनलेलं रुंद कापड

टेबलक्लॉथच्या कप्प्यात शोधत बसू नका. मोठ्या कार्यक्रमांच्या टेबलांना लागणारी कापडं ९० बाय १३२ आणि ९० बाय १५६ इंचात मिळतात. ही मापं कुठून आली ते कळलं की गोंधळ होत नाही. ती टेबलं ३० इंच रुंद असतात आणि कापड चारही बाजूंनी जमिनीपर्यंत, म्हणजे तीस इंच सोडायचं असतं, म्हणून ३० अधिक ३० अधिक ३०, झाले ९०. सहा फुटी टेबल म्हणजे ७२ अधिक ६०, १३२. आठ फुटी म्हणजे ९६ अधिक ६०, १५६. अरुंद टेबलसाठी बनवलेलं ते ९० इंच आपल्या रुंद टेबलला चालतं, ६० च्या टेबलवर १५ इंच ड्रॉप येतो, कापून कमी करायचा. बहुतेक पॉलिस्टरचं असतं, आटत नाही, सुरकुत्या पडत नाहीत, पण पाणी सांडलं की शोषून घेत नाही, सरळ कडेकडे धावतं आणि मांडीवर येतं. रोज त्याच्यावर जेवायचं असेल तर याचा विचार करा.

दुसरं म्हणजे चादर. डबल बेडची साधी पसरायची चादर ९० बाय १०८ असते, किंग साइज १०८ बाय १०८. माझ्या ६० बाय ८४ च्या टेबलला ९० बाय १०८ ची चादर कुठेही न जोडता पुरते, बाजूला १५ आणि टोकांना १२ मिळतात, तिथून हवं तेवढं कापायचं. चादरीच्या एका टोकाला रुंद दुमड असते ती उसवून बाकीच्या तीन बाजूंसारखी करून घ्या म्हणजे ती चादर वाटत नाही. कापड पातळ असतं त्यामुळे खाली अस्तर हवंच, आणि लाकूड गडद असेल तर फिकट चादरीतून ते दिसतं. इलॅस्टिकवाली चादर मात्र कापू नका, तिचे कोपरे आधीच कापलेले असतात, सपाट होत नाही.

तिसरा मार्ग मोठ्या पन्ह्याचं पडद्याचं कापड. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी हे शिवणाऱ्यांना सांगायला नको, पण पहिल्यांदा कापड घेणाऱ्यांनी हाच शब्द वापरून विचारावं. कपड्यांचं कापड बहुतेक ४४ किंवा ५८-६० इंच पन्ह्यात येतं, सोफा-पडद्यांचं ५४ मधे, पण काही पडद्यांचं कापड २८० सेंटिमीटर म्हणजे ११० इंच पन्ह्यात पण येतं. ते घेतलं तर गंमत अशी की टेबलची लांबी पन्ह्यात बसते आणि रुंदीएवढंच कापड मीटरने घ्यावं लागतं. माझ्या टेबलला ८ इंच ड्रॉप आणि दुमड धरून रुंदीला ७९ इंच लागतात, आटण्यासाठी चार इंच जास्त धरले तर २.१ मीटर, झालं. फक्त उभ्या पट्ट्यांचं डिझाइन असेल तर ते टेबलवर आडवं येईल, फुलांचं झाड असेल तर आडवं झोपेल, त्यामुळे प्लेन किंवा चारही दिशांनी सारखं दिसणारं घ्या.

जाता जाता, कापडाला पन्ह्याची मर्यादा का असते तर ती मागाची असते. हातमागावर एका माणसाने एका हाताने धोटा (आडवा धागा नेणारी लाकडी नळी) टाकून दुसऱ्या हाताने पकडायचा, म्हणजे कापड त्याच्या हातांच्या पल्ल्याएवढंच, त्याहून रुंद हवं तर दोन विणकर लागायचे. १७३३ साली इंग्लंडमधे जॉन केने दोरीने पळणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि एका माणसाला रुंद कापड विणता यायला लागलं. आजचे माग त्याहून कितीतरी रुंद आहेत, पण ज्या कापडाला जिथे गिऱ्हाईक तेवढाच पन्हा निघतो, म्हणून सगळ्यात सुंदर कापडं ५४ मधे असतात आणि आपलं टेबल ६० चं असतं. हातमागाचं कापड आवडत असेल तर जोड आलाच, त्याला इलाज नाही.

तपासणी सात: जोड लावायचा असेल तर कुठे

इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण बहुतेक जोड चुकीच्या जागी लावलेले असतात. मी माझ्या टेबलचं पहिलं कापड दोन पन्हे मधोमध जोडून शिवलं, आणि शिवण पक्की राहावी म्हणून दुमडून दुहेरी टीप मारली. जोडाच्या जागी कापडाचे चार थर झाले. पाण्याचा ग्लास अर्धा त्या शिवणीवर आणि अर्धा बाहेर ठेवला गेला की एवढासा तिरका व्हायचा, आणि एकदा तो कलंडला तेव्हा पाणी शिवणीच्या कडेने, पन्हाळीतून जावं तसं टेबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. शिवाय मधोमध एकच रेघ असली की नजर तिथेच जाते.

मग मी एक पन्हा अख्खा मधे ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावायला गेले. ऐकायला बरोबर वाटतं, पण ५४ चा पन्हा शिवणीत अर्धा-अर्धा इंच गेला की ५३ राहतो, आणि ६० च्या टेबलवर जोड येतो कडेपासून साडेतीन इंच आत, म्हणजे बरोबर प्लेटच्या खाली. प्लेट डुगडुगते. टेबल ५२-५३ इंचांपर्यंत असेल तर ही पद्धत उत्तम आहे कारण जोड कडेच्या खाली जातो, त्याच्या पुढे नाही.

जे जमलं ते असं. माणसापुढची प्लेट, वाटी, ग्लास मिळून कडेपासून आत साधारण १५-१६ इंच जागा घेतात. ६० इंचाच्या टेबलवर दोन्ही बाजूंनी ही जागा सोडली तरी मधे २८-३० इंच मोकळे राहतात. जोड तिथे न्यायचे. ५४ चा एक पन्हा लांबीच्या दिशेने बरोबर मधोमध कापा, २७-२७ इंचाचे दोन तुकडे होतात, हे दोन बाजूंचे. प्रत्येकी दीड इंच दुमडीत आणि अर्धा इंच शिवणीत गेला की २५ राहिले, त्यातले ८ ड्रॉपला आणि १७ टेबलवर. मधली पट्टी दुसऱ्या लांबीतून २७ इंच रुंद कापा, दोन्ही शिवणी जाऊन २६. सतरा, सव्वीस, सतरा, झाले ६०. दोन्ही जोड कडेपासून १७ इंच आत, प्लेट पण नाही आणि ग्लास पण नाही. मधली पट्टी मुद्दाम वेगळ्या रंगाची घेतली तर जोड आहे हे कोणाला वाटतच नाही, रनर, म्हणजे टेबलच्या मधोमध टाकतात ती शोभेची पट्टी, घातलाय असं दिसतं.

कापड किती, तर लांबी ८४ अधिक १६ अधिक दुमडीचे ३ म्हणजे १०३ इंच, अशा दोन लांब्या २०६, आटण्याचे दहा इंच धरून २१६ इंच म्हणजे साडेपाच मीटर. दोन रंग घेतले तर प्रत्येकी पावणेतीन मीटर. अर्धा पन्हा उरतो त्याचे नॅपकिन होतात.

कापायच्या आधी कापड धुवा, इस्त्री करा आणि पन्हा परत मोजा, ही पायरी गाळलीत तर वरचा सगळा हिशोब वाया. धुतल्यावर ५४ चा ५२ झाला तर बाजूचे तुकडे एकेक इंच कमी भरतात, ती कसर मधली पट्टी दोन इंच जास्त रुंद कापून भरून काढा, दुसऱ्या लांबीत तेवढं कापड आहे. साधं सुती किंवा लिनन असेल तर खडूची रेघ आखून कापण्यापेक्षा एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या मोकळ्या रेषेवर कात्री चालवा. वर ते सहावं लक्षण लिहिलं ना, तिरक्या सुरकुत्यांचं, ते अशा कापडाचं असतं जे धाग्यात न कापता उरेप, म्हणजे तिरकं, गेलंय, आणि ते नंतर कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. कापडाचा विणलेला काठ घट्ट असतो, धुण्यात जास्त ओढला जातो, त्याला दर दोन-तीन इंचांवर बारीक तिरके काप द्या नाहीतर कड चुणीसारखी गोळा होते.

शिवताना कडा आधी ओव्हरलॉक करा (धागे सुटू नयेत म्हणून कडेवर मारायची शिलाई), अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, ठेवून टीप मारा, मग माया दोन्हीकडे उघडून इस्त्रीने दाबा आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर वरून एकेक टीप. दुमडलेल्या शिवणीपेक्षा ही बरीच सपाट बसते आणि माझी रोज वापरून टिकली आहे. १०३ इंचाची शिवण मशीनवर लांब पडते, खालचं कापड पटकन ओढलं जातं आणि शेवटी वरचं इंचभर उरतं, म्हणून मध्यापासून दोन्ही टोकांकडे टाचण्या लावत जा आणि दर दहा इंचांवर खूण ठेवा.

अंडाकृती टेबल असेल तर बाजूचे तुकडे सरळच जोडा, आकार नंतर द्या. कापड टेबलवर पसरून त्याच्यावर जड पुस्तकं ठेवा आणि कडेपासून खाली सारखं अंतर मोजत खडूने खुणा करत फिरा. चौकोनी कोपऱ्याचं पण एक आहे, ड्रॉप ८ इंच असेल तर कोपऱ्याचं टोक सव्वाअकरा इंच खाली येतं, ड्रॉप १५ असेल तर एकवीस, म्हणून मोठ्या ड्रॉपचे कोपरे गोल केलेलेच बरे.

कुठे थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं

रेक्झिन किंवा प्लास्टिकचं कापड घरच्या मशीनवर घेऊ नका. सुईचं प्रत्येक भोक कायमचं राहतं, त्यातून पाणी आत जातं आणि टीप उसवली तर तिथूनच फाटतं. हे सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्याकडे द्या.

भरतकाम, लेस, जुनं वारशाने आलेलं कापड, विणीतच नक्षी असलेलं जड कापड, यांना स्वतः कात्री लावू नका. नक्षी जोडावर जुळवायला कापड जास्त लागतं आणि एकदा चुकीचं कापलं की परत येत नाही. मशीन जाड थरांवर अडखळायला लागली, टाके सुटायला लागले किंवा सुई वाकली की तिथेच थांबा, जोर लावून पुढे गेलात तर मशीनचं काम निघेल.

टेबलवर जाड काच असेल आणि कापड तिच्या खाली घालायचं असेल तर ती एकट्या-दुकट्याने उचलू नका, एवढ्या रुंद काचेचं वजन हाताला येईपर्यंत कळत नाही, काचवाल्यालाच बोलवा. आणि कापड दरवेळी एकाच जागी उचकतंय, धागे निघतायत, किंवा फळीच्या सांध्यावर उंचवटा दिसतोय तर दोष कापडाचा नाही, लाकडाचा आहे. तिथे सुतार लागतो, नवीन टेबलक्लॉथ नाही.

शिवणाऱ्याकडे जाल तेव्हा नुसता आकडा सांगू नका. "७६ बाय १००" म्हटलं तर तो तयार माप आहे की कापायचं माप आहे हे त्याला कळत नाही, आणि त्याने ते कापायचं धरलं तर दुमडीत तीन इंच जाऊन कापड परत आखूड. मी हे दोनदा दुरुस्त करून दिलंय. कागदावर टेबलचं चित्र काढा, टेबलची रुंदी-लांबी लिहा, ड्रॉप वेगळा लिहा, आणि खाली ठळक लिहा की हे शिवून झाल्यावरचं माप आहे. आकार वाकडातिकडा असेल तर वर्तमानपत्रं चिकटवून टेबलच्या माथ्याएवढा कागद कापून घेऊन जा, आणि त्याच्यावर टेबलचं दाराकडचं टोक कुठलं ते पेनाने लिहा, कारण असा कागद उलटा पडला की कापड पण उलटं शिवून येतं.